पेडलवरचा पाय

कुमुदताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्या शेजारच्या पाटणकर काकूंना पहिला प्रश्न विचारला तो हा, “काकू, नक्की ना?” अशा बातमीवर कुणी असं विचारतं का? काकूंना ते लागलं आणि त्यांनी फोन ठेवून दिला. पण माझाही नाइलाज होता. याच काकूंकरवी ताईंनी एकदा मला निरोप धाडला होता की कुमुदला बरं नाही, लगेच या. मी कणकेचे हात पुसत जुन्या पनवेलहून रिक्षा करून नवीन पनवेलला पोचले, तर माझ्या या थोरल्या नणंदबाई गॅलरीत उभ्या, अगदी ठणठणीत! “वेळ पडली तर कोण धावतं ते बघत होते,” म्हणाल्या, आणि वर, “सुधीर नाही आला तो?” सुधीर म्हणजे माझा नवरा, त्यांचा धाकटा भाऊ. तर या खेपेलाही फाटकातून आत शिरताना माझी नजर आधी गॅलरीकडे गेली. ती रिकामी होती. ताई खाली शेडमध्ये, गाडीशेजारच्या वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या, मान जराशी कललेली, मांडीवर सकाळचं वर्तमानपत्र. डॉक्टर म्हणाले, बसल्या जागी हृदय थांबलं, त्रास झाला नसावा. मला मात्र कितीतरी वेळ वाटत राहिलं की त्या एक डोळा किलकिला करून बघताहेत, कोण रडतंय आणि कोण रडल्यासारखं करतंय... मी खरंच रडत होते. मला त्या हव्या होत्या.

ताई सरकारी नोकरीत वजनमापं तपासणाऱ्या निरीक्षक होत्या. बाजारात त्यांची चप्पल वाजली की तराजू आपोआप सरळ व्हायचे, असं सुधीर म्हणायचा. नोकरीमुळे त्यांचा स्वभाव संशयी झाला की स्वभाव बघून सरकारने नोकरी दिली, हे कुणाला सांगता आलं नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. ताई तोंड पोळायची वाटच बघत नसत. दूधवाल्यासमोर दुधात काचेची नळी बुडवून पाणी किती ते बघायच्या. हळदीकुंकवाला कुणाकडे गेल्या तर पेढा हातात धरून घरी आणायच्या. लग्न त्यांनी केलं नाही. तीन स्थळं स्वतः चौकशी करून मोडली आणि चौथ्याने यांची चौकशी करून मोडलं. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, “नवऱ्याला नावाने हाक मारतेस?” मी म्हटलं, हो. “अरे-तुरे?” मी म्हटलं, हो. त्यांनी मान हलवली, जशी पासंग असलेल्या तराजूकडे बघून हलवत असतील तशी. त्या दिवसापासून मी त्यांच्या तपासणीखाली होते, आणि खरं सांगायचं तर त्याही माझ्या तपासणीखाली होत्या. एवढं कुणावर विश्वास न ठेवणारं माणूस स्वतः काहीतरी लपवत असणार, असं माझं तेव्हापासूनचं मत.

या बाईंच्या शेडमध्ये एक विलायती स्पोर्ट्स कार होती, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटंच वाटायचं. दोनच माणसं बसणारी, कापडी टपाची, बुटकी, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची. माझे सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणत, मुंबईत एका पारशी गृहस्थांच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्या गृहस्थांनी परदेशी कायमचं जाताना बंद पडलेली ही गाडी नानांना देऊन टाकली, आणि नानांनी ती रविवार-रविवार खपून जिवंत केली. गाडीला ते मड्डम म्हणायचे. मड्डमच्या चाकाशी बॅटरी धरून बसायचं काम कुमुदताईंचं. सुधीरला ग्रीसची किळस यायची. त्यामुळे नाना गेल्यावर गाडी कुणाकडे जाणार यावर घरात चर्चा झालीच नाही. पनवेलच्या रस्त्यावर सहावारी साडी, डोक्याला रुमाल आणि डोळ्यांवर काळा चष्मा लावून ताई मड्डम चालवत निघाल्या की शेतातली माणसं बांधावर उभी राहून बघायची. ताईंना वाटायचं, ती टायर बघताहेत आणि काहीतरी बेत करताहेत.

गाडी त्यांनी कधी कुठल्या गॅरेजात टाकली नाही. “गॅरेजवाला एक दुरुस्त करतो आणि दोन पुढच्या खेपेला ठेवतो,” हे त्यांचं ब्रीद. दरवर्षी पाऊस सरला की नवरात्रात मड्डम लाकडी ठोकळ्यांवर चढायची, चारही चाकं निघायची, आणि ताई साडीवर नानांचा खाकी डगला चढवून जमिनीवर फतकल मारून बसायच्या. चाकाला घासून गाडी थांबवणारे भाग, म्हणजे पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड आणि मागच्या ड्रममधले लायनर, निघून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले जायचे. तारेच्या ब्रशने साफसफाई, बेअरिंगला ग्रीस, रबरी वॉशर बोटाने दाबून बघणं. चाक परत चढलं की नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळायचे, आणि मग प्रत्येक नटावरून चाकावर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढायची. कुणी नट हलवला तर रेघ तुटलेली दिसावी म्हणून! ताईंच्या आयुष्यात नेलपॉलिश आलं ते एवढ्याच कामासाठी. रोज ऑफिसला जाण्याआधी त्या रेघा बघून जायच्या.

या सगळ्यात एक काम मात्र असं होतं की ते एकट्याला नीट जमत नाही. ब्रेकमधली हवा काढणं. ब्रेकचं ऑइल बदललं की नळीत हवेचे बुडबुडे राहतात आणि हवा राहिली की ब्रेक लागत नाही. म्हणून एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून तिथलं छोटं निपल पान्याने सैल करायचं. हवेसकट ऑइल पारदर्शक नळीतून बाटलीत येतं, मग निपल बंद करायचं आणि मगच आतल्याने पाय उचलायचा. निपल उघडं असताना पाय उचलला की बाहेरची हवा उलट आत ओढली जाते, केलेलं सगळं पाण्यात. म्हणजे चाकाशी बसलेल्या माणसाला आतल्याचा पाय दिसत नाही आणि आतल्याला निपल दिसत नाही. मधे फक्त शब्द. नाना होते तोवर ताई पेडलवर असायच्या. नानांनंतर त्यांनी कुणाकुणाचे पाय तपासले देव जाणे, पण एका नवरात्रात मला बोलावलं आणि म्हणाल्या, “चप्पल काढ. बस. दाब म्हटलं की दाबायचं, धर म्हटलं की धरायचं, सोड म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. घराला आग लागली तरी नाही.” मी बसले. “दाब... धर... सोड.” तो सबंध तास आम्ही दुसरा शब्द बोललो नाही, आणि माझ्या संसारातला तो पहिला तास असेल जेव्हा माझ्या नणंदेने माझ्यावर संशय घेतला नाही. पोटरी भरून आली होती, पण मी फुलून गेले होते. नंतर दरवर्षी बोलावणं यायचं. मी त्या दिवशी बाकी काही ठेवायची नाही.

आणि मग तो दसरा आला. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, राहायच्या आमच्याकडे, पण नवरात्रात लेकीकडे जायच्या. खंडेनवमीला संध्याकाळी हत्यारांची पूजा. नानांच्या वेळेपासून पाने, हातोडे, स्क्रू-ड्रायव्हर आई स्वतः पुसून पाटावर मांडायच्या, हळदकुंकू वाहायच्या, झेंडू ठेवायच्या. त्या वर्षी चाकं काढायला उशीर झाला होता आणि नवमीला पॅड, लायनर सगळं उघडंच वर्तमानपत्रावर होतं. ताईंना ऑफिसच्या कामाने उरणला जावं लागलं. एरवी शेडला दोन कुलपं लावून जाणाऱ्या ताई त्या दिवशी शेड उघडी टाकून गेल्या. “आई बसलीय ना समोर,” म्हणाल्या. दसऱ्याच्या सकाळी मी आणि सुधीर गेलो तेव्हा पानेच नव्हे, तर पॅड आणि लायनरसुद्धा हळदकुंकवाचं बोट लावून बसले होते. आम्ही हसलो. ताईंनी फडक्याने कुंकू पुसलं, सगळं जागेवर बसवलं, मी पेडलवर बसले, दाब, धर, सोड झालं, नेलपॉलिशच्या रेघा ओढल्या, आईंनी चाकाखाली लिंबं ठेवली.

ताईंचा नियम होता की चाकं चढली की पहिली चक्कर त्या एकट्या मारणार, सेक्टरातल्या रिकाम्या रस्त्यावर, दर थोड्या अंतरावर ब्रेक दाबून बघत. पण आई काठापदराचं लुगडं नेसून तयार होत्या. “आज सीमोल्लंघन. मला सुधीरच्या शेजारी बसून एकदा कर्नाळ्यापर्यंत जाऊन यायचंय. यांनी कधी नेलं नाही, नुसती गाडी उघडून बसायचे.” ताई म्हणाल्या, “आधी मी बघते चालवून.” आई म्हणाल्या, “पूजा झालेल्या गाडीवर संशय नको गं घेऊस, निदान आजच्या दिवशी!” ताईंनी किल्ली सुधीरच्या हातात दिली. आई डोक्यावरचा पदर दातात धरून, मांडीवर आपट्याची पानं घेऊन निघाल्या. त्यांचा तो चेहरा मला अजून दिसतो. इतकं लहान मुलीसारखं हसताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

गोवा रस्त्याला पुढे एसटी थांबली होती. सुधीरने ब्रेक दाबला आणि गाडी थांबेना. एसटीवर आदळण्यापेक्षा त्याने चाक डावीकडे वळवलं. मड्डम रस्ता सोडून खाली पिकल्या भाताच्या खाचरात शिरली आणि बांधाला थडकली. सुधीरचं गळ्याजवळचं हाड मोडलं. आईंच्या कपाळाला खोक पडली. एसटीतून उतरलेल्या उरणजवळच्या करंज्याच्या एका कोळणीची सुक्या बोंबलांची पाटी या गडबडीत उलटली होती. ती आधी कडाडली, “डोले हायेत का नाय रं तुला? गारीला बिरेक नाय लावलास?” आणि मग आईंना बघून पाटी तिथेच टाकून खाचरात उतरली. “आये, नको घाबरू. आमी हाव ना हतं. रगत नाय जास्ती.” तिनेच आपल्या पदराने कपाळ बांधलं आणि त्यांना दवाखान्यापर्यंत सोबत केली. मी पोचले तेव्हा आईंच्या अंगाला बोंबलांचा वास येत होता आणि त्या जन्माच्या शाकाहारी बाई त्या कोळणीचा हात सोडत नव्हत्या.

दवाखान्याच्या खाटेवर सुधीर पुन्हा पुन्हा एकच सांगत होता. “पेडल दगडासारखं कडक होतं. मी त्याच्यावर अक्षरशः उभा राहिलो. पण गाडी सरकतच राहिली, सरकतच राहिली...” ते मीही ऐकलं, ताईंनीही ऐकलं. मला त्यातलं काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली. ताईंनी शेडचं दार आतून लावून घेतलं आणि दुपारपर्यंत कुणाला आत येऊ दिलं नाही. बाहेर आल्या तेव्हा घरात सगळेच होतो, आई कपाळाला पट्टी बांधून पलंगावर. सुधीरने विचारलं, “काय सापडलं?” ताई हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “हवा राहिली असेल आत.”

एवढंच. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण खोलीतल्या सगळ्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. मी म्हटलं, “मी सोडला नव्हता पाय. ताई, तुम्ही सोड म्हटल्याशिवाय एकदाही नाही.” ताईंनी फडकं झटकून पुन्हा हात पुसायला घेतले. आईंनी मला जवळ बोलावलं, पाठीवरून हात फिरवला. “असू दे गं. लक्ष चळतं माणसाचं. मी एकेका भागाची पूजा केली होती म्हणून थोडक्यात निभावलं.” त्यांचा तो हात पाठीवर असताना मला जो संताप आला होता, तो मी गिळला. आपण केलेली चूक कुणी माफ केली तर बरं वाटतं. न केलेली माफ केली तर काय करायचं?

पुढची वर्षं मी त्या पायासकट काढली. सुधीर वाईट माणूस नाही, पण त्याला थट्टेची सवय. पाहुणे आले की खांदा चोळत म्हणायचा, “हिच्या हातचं काही खा, पण हिच्या पायावर भरवसा ठेवू नका!” सगळे हसायचे, मीही हसायचे. एकटी असले की तो दिवस परत परत मनात खेळवायचे. माझा पाय घसरला होता का? बाहेर शेजारच्या मुलांनी आपटा द्यायला फाटक वाजवलं, तेव्हा मी मान वळवली होती. मानेबरोबर पाय उचलला गेला असेल का? असं करता करता माझा माझ्या पायावरचा विश्वास गेला. जिना उतरताना मी कठडा धरायला लागले. ताईंनी मला पेडलवर बोलावणं बंद केलं ते वेगळंच. गाडी दुरुस्त झाली, पण पेडल दाबून धरायला त्यांनी सीट आणि पेडलच्या मधे बसेल अशी एक लाकडी पट्टी करून घेतली. माझ्यापेक्षा पट्टी बरी! नवरात्रात मी देवीची ओटी घेऊन जायचे, शेडमधून ती पट्टी ठोकल्याचा आवाज यायचा, आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. पण संशयही यायचा. हिशेबाला इतकी पक्की बाई माझ्यावर नुसतं “असेल” म्हणून कशी थांबली? ताईंच्या तोंडी “असेल” हा शब्द एरवी कधी नसायचा.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आई गेल्या. शांतपणे, आमच्या घरी, लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून. दिवसकार्य उरकलं आणि त्यानंतरच्या नवरात्रात ताईंचा फोन आला. “रविवारी ये. पाय लागेल.” मी म्हटलं, “पट्टी मोडली का?” पलीकडे रिसीव्हर या हातातून त्या हातात गेल्याचा खडखडाट. मग, “ये.”

मी गेले. मला जायचं नव्हतं, आणि मी सकाळी लवकर उठून गेले. चप्पल काढली, बसले. पेडलचं रबर पायाला लागलं. दाब... धर... सोड. तिसऱ्या चाकावर “धर” म्हणून ताई थांबल्या. त्या चाकाआड बसलेल्या, मला दिसत होता तो फक्त डोक्याचा रुमाल. “सुधीरला त्या दिवशी पेडल कसं लागलं होतं, आठवतं?” मी म्हटलं, “दगडासारखं कडक. हजार वेळा ऐकलंय मी ते.” “हं. हवा राहिली तर पेडल कडक लागत नाही. ते मऊ लागतं, लोण्यात पाय घातल्यासारखं तळाला जातं.” मला अजून कळेना. “म्हणजे हवा नव्हती. पेडल लागत होतं, दाब पोचत होता, पण पॅड धरत नव्हते. निसटत होते. मी चाक काढलं, पॅड हातात घेतला आणि वास घेतला... तिळाचं तेल.”

मग माझ्या लक्षात आलं. खंडेनवमीला हत्यारं पाटावर मांडण्याआधी आई प्रत्येकाला तिळाच्या तेलाचा हात लावायच्या. लोखंड गंजू नये म्हणून, नानांनी शिकवलं होतं म्हणून. वर्तमानपत्रावर जे जे लोखंडाचं दिसलं ते ते त्यांनी मायेने चोळलं होतं. पॅडच्या पाठीला पत्राच असतो, लायनरच्या खाली पत्राच असतो. तेल रात्रभर आत मुरलं, गाडी चालून पॅड तापले की ते वर येणार होतं. सकाळी वरचं कुंकू ताईंनी पुसलं, आणि जगात प्रत्येक वस्तूचा वास घेऊन बघणाऱ्या त्या बाईंनी आईने राखलेल्या वस्तूचा मात्र वास घेतला नाही.

“पहिल्या दिवसापासून तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं. “हो.” “आणि तुम्ही मला...” ताई उठल्या, डगल्याला हात पुसत माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. “आईला कसं सांगणार होते? माझ्या पूजेने वाचलो म्हणून ती देवाला नैवेद्य दाखवत होती. लेकराचं हाड आपल्या हाताने मोडलं हे कळलं असतं तर ती अन्न सोडून बसली असती.” मी म्हटलं, “मग स्वतःवर घ्यायचं होतं. माझं चुकलं, मी तपासलं नाही, असं म्हणायचं होतं. ते खरंही होतं.” त्यावर त्या जे बोलल्या ते मी कधी विसरणार नाही. “घेतलं असतं तर सुधीरने मड्डम विकायला लावली असती. नानांची गाडी... मला ती घालवायची नव्हती. आणि तू सून होतीस. सुनेचं काही चुकलं तर घर दोन दिवसांत विसरतं. तसं मला वाटलं.”

“विसरलं नाही,” मी म्हटलं. “नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणून पट्टी केली. तुझ्या पायाकडे बघवायचं नाही मला.”

मी पेडलवर पाय तसाच दाबून बसले होते, कारण त्यांनी सोड म्हटलं नव्हतं. हे दोघींच्याही एकदमच लक्षात आलं. त्या खाली बसल्या, निपल आवळलं, आणि म्हणाल्या, “सोड.” मी पाय उचलला आणि ढसाढसा रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायला पुढे केला, हाताला ग्रीस आहे हे बघून मागे घेतला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, ठेवलाच. तो डाग केसांतून काढायला मला रॉकेल लागलं.

मी त्यांना माफ केलं का, हे मला विचारू नका. कधी करायचे, कधी भांडी घासताना परत रागवायचे. “सुधीरला सांगा,” एवढं मात्र मी त्या दिवशी मागितलं. “सांगते,” म्हणाल्या. दर दिवाळीला, दर भाऊबीजेला मी वाट बघायची. भावाला ओवाळताना त्यांचे ओठ हलायचे, मला वाटायचं आता सांगतील, आणि त्या म्हणायच्या, “सुधीर, तुझ्या स्कूटरचं मागचं टायर बघून घे.” मी स्वतः का नाही सांगितलं? कारण मी सांगितलं असतं तर गेलेल्या आईंवर ढकललं असं झालं असतं, आणि शब्द ताईंचा होता. पण नवरात्राचं बोलावणं परत सुरू झालं. एवढंच नव्हे, एका वर्षी ताईंनी मला चाकाशी बसवलं आणि स्वतः पेडलवर बसल्या. “शीक. मी गेल्यावर ही गॅरेजात जाता कामा नये.” त्यांनी मला निपल किती सैल करायचं ते शिकवलं, लांबच्या चाकापासून सुरुवात का करायची ते शिकवलं, आणि प्रत्येक पॅड बसवण्याआधी नाकाशी धरायला शिकवलं. त्या तसं करायच्या तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघायचो नाही. माझ्या “दाब”वर त्या दाबायच्या, माझ्या “सोड”शिवाय सोडायच्या नाहीत. मी एकदा मुद्दाम बराच वेळ गप्प राहून बघितलं. त्यांचा पाय थरथरायला लागला तरी त्यांनी सोडला नाही. आता मीही पारखूनच बघत होते, हा त्यांचाच गुण.

ताई भाद्रपदात गेल्या. मड्डमचं काय करायचं यावर सुधीर म्हणाला, “बघू. आधी या वर्षीचं काम तरी करून ठेवू, ताईला आवडलं असतं.” आणि गेल्या रविवारी आम्ही दोघं शेडमध्ये गेलो. मी खाकी डगला चढवला. त्याला अजून त्यांच्या पावडरीचा आणि ग्रीसचा मिळून एक वास आहे. चाकं काढली, पॅड नाकाशी धरले. सुधीर बघत होता. “हे काय?” मी म्हटलं, “ताईंची पद्धत.” मग त्याला चप्पल काढायला लावली आणि पेडलवर बसवलं. त्या सीटवर तो त्या दसऱ्यानंतर पहिल्यांदाच बसत होता. “दाब म्हटलं की दाब, धर म्हटलं की धर, सोड म्हटल्याशिवाय सोडायचं नाही.” तो हसला. “तू सांगतेस होय मला हे!”

एक चाक झालं. दुसऱ्याला मी “धर” म्हटलं, निपल सैल केलं, आणि तेवढ्यात फाटकाशी पाटणकर काकू येऊन उभ्या राहिल्या. सुधीर “या काकू” म्हणत मागे वळला. नळीतलं ऑइल उलटं आत गेलेलं मला दिसलं. काकू येणार हे मला माहीत होतं का? चहाला या असं मीच त्यांना सकाळी म्हटलं होतं. संशय घ्यायला जागा आहे, हे मी कबूल करते. मी निपल बंद केलं आणि म्हटलं, “आता दाबून बघ.”

त्याने दाबलं. “अगं, हे तर पार तळाला गेलं. लोण्यासारखं.”

“हवा गेली आत. तू पाय उचललास.”

“मग हवा गेली की असंच...?” त्याने परत दाबलं, परत. काकू काहीतरी बोलत होत्या, मी त्यांना खूण करून घरात पाठवलं. सुधीरचा हात नकळत खांद्यावर गेला होता, जुन्या हाडापाशी. “पण तेव्हा तर कडक होतं,” तो म्हणाला. “दगडासारखं होतं. मी उभा राहिलो होतो त्याच्यावर.”

“हजार वेळा सांगितलंयस तू.”

“मग हवा नव्हतीच!” तो गाडीतून वाकून माझ्याकडे बघायला लागला, आणि मग खाली, माझ्या पायांकडे. मी फतकल मारून बसले होते, पाय ऑइलने बरबटलेले. “मग काय होतं गं?”

मी समोरचा पॅड उचलून त्याच्या हातात दिला. “खंडेनवमीला आई हत्यारांना काय लावायच्या?”

त्याने पॅड नाकाशी नेला, जणू इतक्या वर्षांनी त्याला अजून वास येणार होता. मग तो मांडीवर ठेवून किती तरी वेळ समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिला. “ताईला माहीत होतं?” मी मान डोलावली. “तुलाही?” मी परत डोलावली. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. “आणि मी सगळ्यांसमोर...” मला वाटलं होतं, हा क्षण आला की मी खूप काही ऐकवीन. वर्षानुवर्षं भांडी घासताना पाठ करून ठेवलं होतं. त्यातलं एक वाक्यही आठवलं नाही.

“पॅड इकडे दे,” मी म्हटलं. “आणि परत दाब. हवा काढायचीय.”

त्याने दाबलं. मी “धर” म्हटलं. निपल उघडलं, बुडबुडे बाटलीत आले, ऑइल स्वच्छ आलं, मी निपल आवळलं. काम झालं होतं. सुधीर पाय दाबून बसला होता, हलत नव्हता, श्वाससुद्धा धरलेला. कोपऱ्यात ताईंची लाकडी पट्टी भिंतीला टेकून उभी होती. मी पाना पुसला, बाटलीचं बूच लावलं, नेलपॉलिशची बाटली शोधली. आणि मग, बऱ्याच वेळाने, म्हटलं, “सोड.”